शमूस, वेंगुर्ल्याहून

वेंगुर्ले,
जुलैमधला रविवार, रात्री

प्रिय शमू,

सप्रेम सलाम.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांची साखर आटोक्यात, आईचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्याचं.

मोठी काकी गेली हे तुला ग्रुपवर कळलंच. तिचा दफनविधी कोणी केला हे मात्र तिथे कोणी लिहिलं नाही. तो मी केला. हे फोनवर सांगायचं नव्हतं. तू मध्येच ‘थांब, कॉल येतोय’ म्हणतोस आणि मग तो विषय परत निघत नाही.

पाळकसाहेब सावंतवाडीहून निघाले होते. होडावड्याच्या पुलावर पाणी चढलं, बराच वेळ गाडीत बसून ते मागे फिरले. कुडाळकडून वळसा घालावा तर त्या रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. इकडे आदल्या रात्रीपासून लाईट नाही, त्यामुळे उद्यावर ढकलायची सोय नव्हती. वडील मंडळी पडवीत उभी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. शेवटी काकीची धाकटी आतून आली आणि तिने उपासनेचं पुस्तक सरळ माझ्या हातात दिलं. ‘दादा, तू वाच. आईला तुझा आवाज माहीत आहे.’

दफनभूमीतला जांभा तुला माहीत आहे. पावसाळ्यात खणला की चारी बाजूंनी पाझरतो. पोरं बालदीने उपसत होती आणि मी वाचत होतो. पेटी खाली सोडायची वेळ आली तरी तळाला वीतभर पाणी होतंच. पेटी बंद करण्याआधी धाकटी आईचे हात चादरीखाली सरकवत होती. काळे पडले होते ना, काजूच्या टरफलाच्या तेलाने. इतकी वर्षं आमच्या काजूच्या कारखान्यात कटरवर बसलेली बाई. बोटांची सालं निघून निघून तिच्या हातांवर ठसेसुद्धा राहिले नव्हते, आधारच्या वेळी मशीन तिचं बोट घेईना. मी म्हटलं, राहू दे गं, वरच राहू दे. सगळ्यांना दिसू देत. त्या हातांनी तिने तीन पोरं शिकवली आणि शब्बाथ शाळेत आपल्याला चुरमुऱ्याचे लाडू वाटले. तू दोन घ्यायचास आणि मला सांगायचास की एक तुझ्या बहिणीसाठी आहे. तुझी बहीण तेव्हा तिच्या मामाकडे मुंबईत होती, शमू.

तर त्या दिवसापासून मला झोप नाही. दुःख आहेच, पण झोप त्याने उडालेली नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींनी ठराव वाचला. मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, मला पुण्याला सेमिनरीत पाठवायचं, चार वर्षांच्या बी.डी.चा, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीचा, सगळा खर्च मंडळी करणार, आणि परत आल्यावर मी इथेच पाळक म्हणून राहायचं. सगळ्यांनी हात वर केले. आई तर दोन्ही. आणि त्याच आठवड्यात शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कुडाळच्या एमआयडीसीत नवीन युनिट टाकतोय, मॅनेजर म्हणून तू जा.

बाबा म्हणतात, हातची मॅनेजरी सोडू नको. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून घाटावरून इथे आले तेव्हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा पगार महिन्याच्या महिन्याला यायचा, आता तो काळ राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं. आईचं वेगळंच. पदवी सेरामपूर विद्यापीठाची मिळते हे ऐकून ती आनंदली, तुझी मावशी तिथेच आहे म्हणाली, जेवणाची आबाळ नाही व्हायची. तिला नगरचं श्रीरामपूर वाटलं. बंगालमधलं सेरामपूर, 1818 साली मिशनरी विल्यम कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी काढलेलं कॉलेज, 1827 साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या द्यायची सनद दिली, आणि शिकायचं पुण्यातच, हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, मग मावशीला कळवू की नको?

सेवेसाठी पाचारण आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला आहे. त्या खड्ड्याच्या काठावर मिटला. वाचताना माझा आवाज एकदाही कापला नाही आणि हे वाक्य मी फक्त तुलाच लिहू शकतो. मला खातो आहे तो प्रश्न पगाराचा. किती, हा नव्हे. कोणाकडून, हा.

तुझ्या बाबांचं पाकीट मी विसरलेलो नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी खजिनदार आतल्या खोलीत दानाचे पैसे मोजायचे, चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, आणि तपकिरी पाकीट तुझ्या बाबांच्या हातात द्यायचे. बाहेर आपण दोघं क्रिकेटसाठी खोळंबलेले. ‘या महिन्यात जरा कमी आहे पाळकसाहेब,’ हे मी स्वतः ऐकलं आहे. आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्यावरचा तो उपदेश. पुढच्या बाकावरच्या त्या गृहस्थांनी चुलतभावाच्या विधवेला घराबाहेर काढलं होतं आणि तुझ्या बाबांनी आठवडाभर खपून उपदेश लिहिला होता. मळ्यासाठी नाबोथाचा जीव घेणारे बायबलमधले राजा अहाब, राणी ईजबेल, सगळं. शनिवारी रात्री ते गृहस्थ तुमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले आणि रविवारी तुझे बाबा उधळ्या पुत्रावर बोलले. बंदरावर बसून तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दहावीत होतो. तू म्हणालास, पाळक म्हणजे मंडळीचा घरगडी. त्यावरून आपलं जे भांडण झालं ते तुझ्या मते मी जिंकलो कारण तू रडलास, आणि माझ्या मते तू जिंकलास कारण मला उत्तर सुचलं नाही. घरगडी हा शब्द मला आजही मान्य नाही. तुझ्या बाबांनी त्या विधवेला वर्षभर धान्य पोचवलं हे तू त्या दिवशी सांगितलं नव्हतंस, ते मला काकीकडून कळलं. पण पाकिटाबद्दल तू बरोबर होतास.

म्हणून मी मंडळीच्या वडीलजनांसमोर म्हटलं, पाळक होईन, पण परत आल्यावर अर्धा दिवस कारखान्यात काम करीन आणि माझं मी कमवीन. मंडळीची पस्तीसेक घरं, त्यातली अर्धी म्हाताऱ्यांची, पोरं गोव्यात नाहीतर मस्कतला. त्यांनी माझा पगार कुठून काढायचा? तर एकदम गलका. सेक्रेटरी म्हणाले, पाळक हजेरी लावत बसणार? शोभा काय राहिली मंडळीची? मी प्रेषित पौलाचं नाव घेतलं, करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तंबू करायचा. त्यावर उत्तर आलं, पौलाचं लग्न झालं नव्हतं. मग मी कॅरी काढला. मूळचा चांभारकाम करणारा माणूस, हिंदुस्थानात आल्यावर मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर देखरेख करून पोट भरायचा आणि राहिलेल्या वेळात शास्त्राचं भाषांतर. कारखान्याचा सुपरवायझरच की तो, माझ्यासारखा! शेवटी आपले रेव्हरंड टिळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले, 1917 साली मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा काढून बसले. त्यावर एक आजोबा म्हणाले, ‘टिळक टिळक होते, बाबा.’ यावर काय बोलणार? गप्प बसलो.

घरी येऊन मात्र दुसरी बाजू पुढे आली, आणि तीच सगळ्यांत अवघड आहे. शमू, तुला बाजारातला काजू माहीत आहे, कारखान्यातला नाही. अख्खा पांढरा गर असेल तर त्याची प्रत लागते, पौंडात 240 पर्यंत बसला तर दोनशेचाळीस, 320 पर्यंत तर तीनशेवीस. जरा सुरी चुकली की पाकळी नाहीतर तुकडा, आणि भाव धाडकन खाली. आमच्याकडे बायकांना किलोमागे पैसे. कोणाचा तुकडा किती निघाला ते शनिवारी वहीत मी लिहितो, प्रमाणाबाहेर गेला तर कापून घेतात. आपल्या मंडळीतल्या दोघी अजून माझ्या हाताखाली आहेत, काकी धरून तिघी होत्या. म्हणजे शनिवारी ज्यांचा तुकडा लिहायचा, त्यांच्याच तळहातावर रविवारी प्रभुभोजनाची भाकर ठेवायची. तुझे बाबा पुढच्या बाकाचे मिंधे होते म्हणतोस, मग मी शेठचा मिंधा नाही का? कारखान्यात मजुरीवरून काही झालं तर मी नाबोथावर बोलू शकेन? माणूस कोणाच्या तरी ताटात जेवतोच. फक्त ताट निवडता येतं का, एवढाच प्रश्न.

गेल्या वर्षीचंच सांगतो. काकीचा मोतीबिंदू वाढला, तुकडा वाढला. मी शेठकडे जाऊन तिला वाळवणीच्या ट्रेवर रोजंदारीने लावून घेतलं. तिथे नजर कमी लागते. झालं बरं. दुसऱ्या दिवशी वजनाच्या वेळी उभादांड्याची एक बाई, चांगली, कष्टाळू, काट्यावरची पाटी न उचलता माझ्यासमोर उभी राहिली. ‘सायबानू, तिची नजर गेली म्हणान तिका बसान काम दिलास. माझी नजर खंय बरी हा? मी तुमच्या देवळात येणय नाय म्हणान काय?’ आवाज चढवला नाही तिने. बाकीच्या खाली मान घालून सोलत होत्या आणि सगळ्या ऐकत होत्या. मी परत शेठकडे गेलो. ते म्हणाले, ट्रेवर एकच माणूस लागतं, तू धर्मादाय खात्याचा सुपरवायझर नाहीस. त्या बाईला मी सिंधुदुर्गातल्या डोळ्यांच्या शिबिराला नेलं, शस्त्रक्रिया झाली, आता तिचा तुकडा सगळ्यांत कमी. पण तिचा प्रश्न तसाच आहे. आणि पाळक झाल्यावर तो दर आठवड्याला विचारला जाईल, तोंडाने नाहीतर डोळ्यांनी.

परवा तीच बाई हसत म्हणाली, ‘तुमी पाद्री होतलास म्हणतत. मगे आमची हजेरी कोण घेतलो?’ मी विचारलं, मीच घेतली तर? ती म्हणाली, ‘मगे बरां. पाद्र्याक खोटी हजेरी लावक येवची नाय.’ हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पूर्ण पाळी हसतमुख होतो. वडीलजनांच्या सभेत माझ्या बाजूने एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

मिरजेच्या स्थळाचंही थोडक्यात सांगतो, आई तुझ्या आईला सांगणारच. मुलगी स्टाफ नर्स आहे. मी फोनवर सगळं मांडलं. ती म्हणाली, पाळकाच्या बायकोला काम असतं, पगार नसतो, म्हणून माझी नोकरी मी सोडणार नाही. मला ती आवडली.

आता मी काय ठरवलंय ते. अर्ज भरतो आहे, पुढच्या जूनसाठी. बी.डी.च करणार. नोकरी करणाऱ्यांसाठी सेरामपूरचा बाहेरून करायचा अभ्यासक्रम आहे, तो मी नीट पाहिला. पण मला ग्रीक आणि हिब्रू हवंय, आणि माझ्यापेक्षा जास्त वाचलेल्या पोरांशी जेवणाच्या टेबलावर वाद घालायला हवेत, तुझ्याशी घालायचो तसे. कुडाळचं शेठना नाही म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत, चार वर्षांनी हिशेबाला ये म्हणाले. हिशेबाला, सुपरवायझर म्हणून नव्हे. वही दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल. यात माझी सुटका आहे, त्या बायकांची आहे की नाही माहीत नाही, आणि हे मला टोचतं.

अडलंय एका जागी. मंडळीचा खर्च घ्यायचा का? माझ्या शिलकीत दोन वर्षं निघतील, ओढूनताणून. पुढचं कसं, ठाऊक नाही. त्यांचे पैसे घेतले तर पाकीट आजपासूनच सुरू झालं. नाही घेतले तर काकीची धाकटी, जिने आईच्या कार्यातून उरलेले पैसे माझ्या शिक्षणासाठी म्हणून खजिनदारांकडे दिले, तिला काय सांगू? तुझे नको म्हणून? पुढच्या बाकाचे पैसे आणि तिचे पैसे एकाच पेटीत पडतात, शमू. वेगळे काढता येत नाहीत.

हे तुझ्या बाबांना विचार. तू उत्तर देऊ नकोस, तुझं उत्तर मला माहीत आहे आणि त्यात शिव्या आहेत. त्यांना विचार की त्या शनिवारी घरात स्वतःचा पगार असता तर रविवारी नाबोथावर बोलले असते का. नेमकं असंच विचार, गुळमुळीत नको. ते रागावणार नाहीत. रागावले तर माझं नाव सांग.

तुझं प्रमोशन झालं, फार छान. फ्लॅटचा ताबा दसऱ्यापर्यंत मिळतोय ना? बाळाला दात आले म्हणे, वहिनींना सांग की रात्रपाळी तुला पण करू दे. दिवाळीत आलास तर सागरेश्वरला जाऊ. सध्या मासेमारी बंद आहे, घरात सुके बांगडे आणि गोलमो, तुझ्या वाट्याचं आई बांधून ठेवते आहे.

सगळ्यांना सलाम. बाबांना विशेष.

तुझा,
सुनील

ता. क. तुझे बाबा म्हणाले होते की त्यांची ग्रीकची जुनी वही माळ्यावर आहे. मिळाली तर कुरिअरने पाठव, पावसाळाभर अक्षरं गिरवून ठेवतो. आणि त्या वहीत नाबोथाचे कागद असतील तर तेही. फोटो नको, कागदच पाठव, पावसाचे दिवस आहेत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाल.