नोकरीची नोंद ठेवा, पण आधी कामगाराला दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कामगारांच्या नोकरीची सगळी माहिती सरकारने एकाच ठिकाणी ठेवावी अशी चर्चा अधूनमधून वाचायला मिळते. माझं चाकण एमआयडीसीजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि दिवसभर पीएफचीच कामं चालतात, त्यामुळे या विषयावर थोडं लिहितोय.

ज्याचा पीएफ कापला जातो त्याची कुंडली आजही एका जागी जमा होतेच. २०१४ ला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा एकच नंबर आला, तेव्हापासून पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडली की कुठे कधी लागला, कधी सोडलं सगळं दिसतं. हे चांगलंच झालं, पूर्वी प्रत्येक ठेकेदाराकडे वेगळा नंबर आणि तो हरवला की पैशावर पाणी सोडायचं असंच चालायचं.

पण ही नोंद भरतं कोण, तर ठेकेदाराच्या ऑफिसात बसलेला माणूस. आमच्याकडे पोरं काही महिने एका ठेकेदाराकडे, मग ब्रेक, मग दुसऱ्याकडे, कधी कधी तर कंपनी तीच, मशीन तेच, फक्त कागदावरचा ठेकेदार बदलतो. मध्यंतरी प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर आला होता, त्याने काम सोडलं फेब्रुवारीत आणि जुन्या ठेकेदाराने एक्झिट डेट, म्हणजे काम सोडल्याची तारीख टाकली ३१ मार्च, तोपर्यंत हा दुसरीकडे लागून पहिला पगारही घेऊन बसलेला. आता चांगल्या कंपनीत परमनंटचा चान्स आला तर आधीच्या नोकऱ्या तपासणारे व्हेरिफिकेशनवाले म्हणतात तू एकाच वेळी दोन नोकऱ्या करत होतास. ठेकेदाराला फोन लावला तर साहेब बाहेर गेलेत, उद्या करा, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

बायकांचं अजून अवघड, पीएफला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, की क्लेम अडकलाच.

२०२५ च्या जानेवारीपासून बऱ्याच दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीशिवाय करता येतात हे खरंय आणि त्याचा खूप उपयोग होतोय. पण ती सोय १ ऑक्टोबर २०१७ पासून निघालेल्या आणि आधारने व्हेरिफाय झालेल्या यूएएनसाठी. त्याच्या आधीचे जे जुने कामगार आहेत, पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते म्हणून ज्यांना एकेक महिना महत्त्वाचा आहे, त्यांनाच परत मालकाच्या दारात जावं लागतं. आणि त्यातले कितीतरी ठेकेदार आता धंदा गुंडाळून बसलेत, मग राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या कुणाची तरी सही शोधून पीएफ ऑफिसात जावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. नवीन नोकरी लागताना व्हेरिफिकेशनवाले यूएएन मागतात, मग म्हणतात ओटीपी आला तो सांगा. पोरगं नोकरीच्या आशेने सांगून टाकतं, नाही म्हणायची हिंमत कुणाची होणार? त्या ओटीपीने काय काय उघडलं, आधीचा पगार किती होता ते कळलं का, कुणी कॉपी करून ठेवलं का, त्याला काहीच माहिती नसतं. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ ला झाला, त्यात माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे, पण आपली माहिती कुणी बघितली तेच कळत नसेल तर तो हक्क वापरायचा कसा?

एका जागी नोंद ठेवण्याला माझा विरोध नाही हो. आपल्या महाराष्ट्रातच माथाडी कायदा १९६९ चा आहे. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, पण नोंदणी आणि मजुरीचा हिशोब माथाडी बोर्डाकडे, व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्के लेव्ही बोर्डात भरतो, त्यामुळे मालक बदलला तरी पीएफ, बोनस तुटत नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी किती लढा दिला ते सगळ्यांना माहितीय. तिथे नोंद आहे ती हमालाला काहीतरी मिळावं म्हणून. उद्याचा डेटाबेस जर फक्त मालकांनी माणूस चाळून घ्यायला वापरला तर ज्याने कधी पगारासाठी भांडण केलं, युनियनमध्ये गेला, लवकर लवकर कामं सोडली, तो कायमचा बाहेर राहील. आणि काम सोडण्याचं खरं कारण तर नोंदीत येतच नाही, दोन महिने पगार थकला म्हणून सोडलं की मस्ती आली म्हणून सोडलं, तारीख दोघांची सारखीच दिसते.

त्यामुळे सरकारला विनंती आहे की मालकाने जॉइनिंग किंवा एक्झिट डेट टाकली की ती आधी कामगाराच्या मोबाइलवर मराठीत यावी, त्याने हो म्हटल्यावरच पक्की व्हावी, आणि नाही म्हटलं तर पुरावा मालकाने द्यावा. नोंद कुणी कधी उघडली त्याची यादी कामगाराला पोर्टलवर दिसावी. व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी मागणं बंद करून फक्त अमुक ठिकाणी अमुक काळ काम केलं एवढाच दाखला मिळायची सोय करावी, पगार त्यात नको. आणि १ ऑक्टोबर २०१७ च्या आधीच्या यूएएनवाल्यांना दुरुस्तीची तीच सोय द्यावी, त्यांच्यातले बरेच जण आता पन्नाशीला आलेत.

आपला,
एक वाचक, चाकण, जि. पुणे