पेव्हर ब्लॉक पुरे, पाणी जिरू द्या

महोदय,

कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. तरीही सुशोभीकरण म्हटले की बाजारपेठ असो वा देवळाचे आवार, आधी पेव्हर ब्लॉक! पाणी जिरायचे कुठे?

अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९९०च्या सुमारास ‘रेन गार्डन’ची पद्धत सुरू झाली. पार्किंगशेजारी किंवा रस्त्याच्या उताराला वीतभर खोल खळगा करायचा, त्याच्या तळाला वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली माती घालायची आणि ओल व कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावायची. रस्त्यावरचे पाणी तिथे वळते, गाळ मातीत अडकतो आणि एक-दोन दिवसांत पाणी जिरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेव्हा डासांची सबब नको.

आपल्याकडे जागा मात्र पारखून घ्यावी लागेल. कातळसड्यावर मातीच नसते, तिथे हे जमणार नाही. जुलैत जमीन तुडुंब भिजलेली असते, म्हणून जादा पाणी गटारात जायला वरच्या कडेला वाट हवीच. परसातली कर्दळ, वाळा चालेल. रोपवाटिकेतल्या शोभिवंत झाडांवर खर्च कशाला?

२२ जुलै २०२१ला चिपळुणात शिरलेला वाशिष्ठीचा पूर असल्या बागांनी थांबला नसता. पण दर सरीला चौकात साचणारे पाणी नक्की कमी होईल. नगरपरिषदांनी येत्या उन्हाळ्यात एखाद्या उद्यानात प्रयोग करावा आणि दरवर्षी गाळ काढण्याची तरतूदही त्याच ठरावात करावी.

– एक वाचक, रत्नागिरी