आधी डबा, मग दंड

कोल्हापूर

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की आठवीच्या पोरांकडून गावातला कचऱ्याचा नियम नव्यानं लिहून घेणार, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. लई भारी करतीयस बघ. ग्रामसेवक म्हणून माझी नोकरी झाली, आणि सरपंच, उपसरपंच, सदस्य किती हे सगळं पाठ करून पेपरात लिहिलेली पोरं मोठी झाल्यावर ग्रामसभेकडं फिरकत नाहीत हे मी गावोगावी बघितलंय, कारण ठराव कसा होतो हे कुणी त्यांना कधी करूनच दाखवलेलं नसतं.

सुरुवात बाजारकट्ट्यावरनं कर. तिथं बोर्ड असणारच, येथे कचरा टाकण्यास सक्त मनाई आहे, टाकल्यास दंडात्मक कारवाई केली जाईल, आणि त्याच्याच खाली कोबीची पानं, कॅरीबॅगा, नारळाच्या शेंड्या पडलेल्या असतात. पोरांना ते एक वाक्य फोडायला सांग. कारवाई करणार कोण, शिपाई का सदस्य? दंड किती? पावती कोण फाडणार? बाजार उठतो अंधार पडल्यावर, तेव्हा ग्रामपंचायतीचं कोण असतं तिथं? ‘केली जाईल’ म्हणजे कोण करणार हे लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य लिहू देऊ नकोस, तिथंच त्यांना खरी ग्रामपंचायत कळायला लागेल.

मग भाजीवाल्या मावशींशी बोलायला पाठव. त्या विचारतील, बाळा कचरा टाकू नको म्हणतोस, पण टाकू कुठं ते सांग की. बरोबरच आहे त्यांचं. तिथं डबा नाही, घंटागाडी सकाळी येते आणि मावशी रात्रीच एसटीनं गावाला गेलेल्या असतात. म्हणजे दंडाच्या आधी डबा आला पाहिजे आणि तो त्याच रात्री उचलला पाहिजे, मग त्याचा खर्च बाजाराच्या पावतीतनं काढायचा का पाणीपट्टी-घरपट्टीच्या पैशातनं यावर पोरांना भांडू दे, मधी पडू नकोस.

शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड. दंडाचं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याबरोबर शिक्षण मोफत केलं आणि गावोगाव शाळा काढल्या हेही पोरांना सांग. आधी सोय आणि मग सक्ती, म्हणून त्या दंडाला अर्थ होता.

वर्गात सभा घेशील तेव्हा खरी घे. 7 दिवस आधी नोटीस लाव, अध्यक्ष निवड, सूचक-अनुमोदक ठेव. गणपूर्ती म्हणजे गावात एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, त्यातला जो आकडा कमी असेल तो, आणि तेवढी माणसं नसली की सभा तहकूब. हे तोंडी सांगू नकोस, एक दिवस मुद्दाम दोन-तीन पोरं सोडून बाकीची ग्राउंडवर पाठव आणि सभा तहकूब करायला लाव. एका गटाला व्यापारी कर, एकाला सफाई कामगार, आणि विरोध करणाऱ्याचं म्हणणं इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत लिहून घे. बऱ्याच ठिकाणी हेच गाळतात आणि मग वर्षभर वाद चालतो.

तुझ्या शाळेपासनं हेरवाड काय लांब नाही. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या पोरांना हे उदाहरण घरचंच वाटेल, जमलं तर तिथल्या एखाद्या ताईंना शाळेत बोलव.

आणि एक, तयार झालेला मसुदा वहीत ठेवू नका. पोरांना मत नसलं तरी पालकांना आहे, त्यांच्या सहीनं अर्ज करून ग्रामपंचायतीत द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्याच. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्यायचा असेल तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत द्या, म्हणजे नोटिशीतच विषय येईल, ऐनवेळच्या विषयात गेला की सगळे उठायच्या घाईत असतात. अर्जाचा नमुना मी रविवारपर्यंत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. सभेला मी येणार, मागं बसेन, बोलणार नाही.

तुझे पप्पा