पोलीस वाहनांचे वाटप कोणत्या निकषावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे शहर पोलीस आयुक्तालयात २०२४ मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी पोलीस ठाणी सुरू झाली. त्याआधी २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ठाणी ग्रामीण पोलिसांकडून शहराकडे आली, आणि त्याच वर्षी २३ गावांच्या समावेशानंतर महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. ठाणी वाढली याचे स्वागतच आहे. परंतु कोणत्या ठाण्याला किती वाहने मिळाली, ती कोणत्या निकषावर मिळाली आणि ती चालती ठेवण्याचा खर्च कोठून येणार, हे उद्घाटनाच्या बातम्यांतून सहसा कळत नाही.

ठाण्यामागे ठरावीक गाड्या देणे कारभाराला सोपे असते आणि कोणाची तक्रारही येत नाही. पण फरासखाना किंवा विश्रामबागच्या हद्दीत चारचाकी गाडी पेठेतल्या गर्दीत अडकून पडते आणि दुचाकीवरचा बीट मार्शल तिच्या आधी पोहोचतो, तर लोणीकंदसारख्या ठाण्याला अहिल्यानगर रस्ता आणि आजूबाजूची विखुरलेली गावे सांभाळायची असल्याने तिथे रात्री चारचाकीला पर्याय नाही. शिवाय १ जानेवारीला पेरणे फाट्याचा बंदोबस्त, आषाढीच्या आधी पालखी, मग गणेशोत्सव, अशा वेळी गाड्या एकीकडे खेचल्या जातात आणि उरलेल्या हद्दीची गस्त पातळ होते. त्यामुळे ठाण्यांच्या संख्येपेक्षा हद्दीचा विस्तार, मदतीसाठी येणारे दूरध्वनी आणि गाडी पोहोचायला लागणारा वेळ यांना वाटपात अधिक वजन मिळायला हवे, आणि बंदोबस्तासाठीची वाहने परिमंडळाच्या, म्हणजे काही ठाणी मिळून होणाऱ्या विभागाच्या, पातळीवर वेगळी राखीव ठेवायला हवीत.

यासाठी नवी पाहणी करण्याचीही गरज नाही. राज्यात २०२१ पासून ११२ हा एकच मदत क्रमांक सुरू आहे; त्यावरील मागणी जवळच्या वाहनातील टर्मिनलवर जाते आणि दूरध्वनी कधी आला, गाडी कधी पोहोचली, याची नोंद राहते. ही आकडेवारी परिमंडळनिहाय लावली, की गाड्या कोठे कमी पडतात ते आपोआप दिसेल.

निधीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो. त्याखेरीज गृह विभागाची तरतूद, जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि अधूनमधून कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून मिळणाऱ्या गाड्या. यांतील बरेचसे पैसे खरेदीपुरते असतात. पालकमंत्र्यांच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवला जातो, छायाचित्र छापून येते. इंधन, टायर, दुरुस्ती आणि चालक यांचा भार मात्र नेहमीच्या तरतुदीवर पडतो. आठ तासांची पाळी धरली, तर एक गाडी चोवीस तास चालवण्यास आठवड्याला २१ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुटी आणि रजा धरता एका गाडीमागे चार चालक लागतात. वीस गाड्या घेतल्या म्हणजे ऐंशी चालकांची व्यवस्था करावी लागते, आणि ती झाली नाही तर गाड्या ठाण्याच्या आवारात उभ्या राहतात.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती व अन्य विशेष वाहनांना सूट आहे, ठाण्याच्या साध्या जीपला नाही. म्हणून नव्याने आलेल्या गाड्यांतून निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, झालेल्या वजा केल्याशिवाय वाढ झाली असे म्हणता येत नाही. ही वजाबाकी जाहीर कार्यक्रमात कोणी सांगत नाही, हेही खरे.

वाटप झाल्यावर गाडी त्याच ठाण्याकडे राहते का, हाही मुद्दा आहे. मुंबईत २०२२ मध्ये निर्भया निधीतून घेतलेल्या २२० बोलेरोंपैकी ४७ गाड्या काही लोकप्रतिनिधींच्या सुरक्षेसाठी वळवल्याचे आणि त्यांतील १७ पुढे परत आल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले होते. महिलांच्या सुरक्षेसाठी घेतलेली गाडी कोणत्या लेखी आदेशाने आणि किती दिवसांसाठी हलवता येते, याचा नियम स्पष्ट असता तर हे प्रकरण बातमीतून कळण्याची वेळ आली नसती.

पोलीस आयुक्तांनी दर सहा महिन्यांनी परिमंडळनिहाय तक्ता प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे. त्यात चालू स्थितीतील वाहने, निर्लेखित वाहने, दुसरीकडे पाठवलेली वाहने, चालकांची मंजूर व भरलेली पदे आणि ११२ च्या दूरध्वनीनंतर पोहोचण्याचा सरासरी वेळ असावा. गस्तीचे मार्ग किंवा वाहनांचे क्रमांक त्यात नसल्याने गोपनीयतेची अडचण येऊ नये. जिल्हा नियोजन समितीनेही पुढील वाहनखरेदीला मंजुरी देताना किमान तीन वर्षांच्या इंधन व देखभालीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे, हे प्रस्तावातच लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, वाघोली, पुणे