रविवारी कुलूपबंद असलेल्या लेथ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘पुढे काय?’ या विषयावर वर्तमानपत्रांत पानेच्या पाने माहिती येते. कोणता अभ्यासक्रम, किती जागा, अर्जाची शेवटची तारीख. मी ती दरवर्षी वाचतो. ज्या पोराला परीक्षेसाठी नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आहे म्हणून हाताने काही बनवायचे आहे, त्याने गोव्यात कुठे जावे, हे मात्र मला त्यात कधी सापडलेले नाही. त्यासाठी हे पत्र. थोडे लांबेल, कारण एका इंजिनाची हकिगत सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पोचणार नाही.

मी बोरीचा. जुवारी नदीकाठी, खाणीचा माल वाहणाऱ्या बार्ज दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, म्हणून बाहेर पडलो. २०१२ साली खाणी थांबल्या. बार्ज जागच्या जागी गंजू लागल्या आणि नदीकाठची वर्कशॉपे एकेक करून मिटत गेली. आमचेही मिटले. यंत्रे भंगारवाल्याने वजनावर उचलली. ज्या साडेचार फुटी लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, मी काम शिकलो, ती ट्रकवर चढताना बघवेना, म्हणून किलोचा तोच भाव देऊन ती मी घरी आणली. आता ती आमच्या पडवीत आहे. पावसाळ्यात रोज रात्री तिच्या बेडवरून तेलाचे फडके फिरवावे लागते. एक रात्र चुकली तर सकाळी बोटाला तांबडे लागते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीचा मुलगा राहायला आला. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार स्ट्रोक, त्यांचा आलेख, निकोलस ऑटोने १८७६ साली ते इंजिन केले, हे सगळे त्याला पाठ. पडवीत बसून तो म्हणाला, “आजोबा, हे आत खरंच असं होतं का? आपल्याला बघता येईल?” दुसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि तेव्हापासून दर रविवारी तो सकाळच्या बसने येऊ लागला.

लहानपणी आमच्या कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, पाणी लावायला एक संथ इंजिन होते. हँडल मारून चालू करायचे, मग दिवसभर त्याचा ठोका पाटाच्या पाण्याबरोबर ऐकू यायचा. ते डिझेलचे. तसेच करू या असे पोराला वाटत होते, पण इतक्या लहान आकारात डिझेल घरी जमत नाही. दर फटक्याला लागणारे तेल इतके कमी असते, की ते मोजून दाबाने फवारणारा पंप बनवणे इंजिन बनवण्यापेक्षा कठीण. म्हणून पेट्रोलचे, ‘हिट अँड मिस’ पद्धतीचे करायचे ठरवले. शंभर वर्षांपूर्वी शेतावर अशी इंजिने असत. वेग वाढला की वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात आणि एक खटका धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. मग सिलिंडरात ओढ राहत नाही, हवा-पेट्रोल आत घेणारा ‘आतला’ व्हॉल्व्ह उघडत नाही, पेट्रोल येत नाही. फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, नुसते फिरत राहते. वेग उतरला की खटका सुटतो आणि पुन्हा एक फटका बसतो. इंजिन विचार करून श्वास घेते असे वाटते.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, २४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३२. म्हणजे साडेचौदा सीसी. पोराने हिशेब केला : एका फटक्याला दोन घन मिलिमीटरसुद्धा पेट्रोल लागत नाही, एका थेंबात दहा फटके सहज निघतील. हा आकडा त्याने स्वतः काढला आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

सिलिंडरसाठी आधी व्यायामाच्या डंबेलचे जुने बीड वापरले. ती माझी चूक. शेवटचा काप घेताना आत वाटाण्याएवढे भोक निघाले. अशा बिडात वाळू आणि हवा अडकलेली असते. तीन रविवार वाया गेले. मग जुन्या बार्ज इंजिनाच्या लायनरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचा, तुकडा शोधला. लायनरचे बीड बारीक कणांचे, एकसारखे असते आणि कापताना हत्यार नुसते गुणगुणते. पिस्टनही बिडाचाच, दोन रिंगांचा. बोअर शेवटी तांब्याच्या लॅपवर, म्हणजे घासायच्या दांड्यावर, बारीक पेस्ट घेऊन हाताने घासला.

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरायचे असते, म्हणजे २० दात्यांचे एक आणि ४० दात्यांचे दुसरे असे दोन गियर हवेत. लेथवर ते मला जमत नाहीत. त्याला दाते कापणारे मिलिंग मशीन आणि काम समान भागांत फिरवणारे डिव्हायडिंग हेड लागते. आम्ही एका तंत्रशिक्षण संस्थेत गेलो. तिथे मशीन होते, ताडपत्रीखाली. डिव्हायडिंग हेड लाकडी पेटीत, ग्रीस लावलेले, नवेकोरे. कामाच्या दिवशी मशीनवर बॅचेस असतात, रविवारी कुलूप आणि बाहेरच्या माणसाची जबाबदारी कोण घेणार, असे सांगितले. सांगणाऱ्याने चहा पाजून, वाईट वाटून सांगितले. त्या माणसाचा दोष नाही, म्हणून मी नाव लिहीत नाही. गियर शेवटी औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने शिफ्ट सुटल्यावर कापून दिले. तो ओळखीचा नसता तर इंजिन तिथेच थांबले असते.

होळीच्या सुमारास सगळे जोडून झाले. इंजिन चालू होईना.

इथून पुढचे चार महिने मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पहिल्या दिवशी शंभरेक वेळा फ्लायव्हील फिरवले. एकदा फट् झाले आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडातून धूर आला. मी पोराला म्हटले, आता अंदाजाने काही फिरवायचे नाही. ठिणगी, पेट्रोल, दाब या तिन्हींना एकेक करून साक्षीला बोलवायचे. वही घातली.

ठिणगी आधी घेतली. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून बघितला तर ठिणगी उडत होती. पोर म्हणाले, हे ठीक आहे. ठीक नव्हते. उघड्या हवेत उडणारी ठिणगी दाबलेल्या हवेत उडेलच असे नाही. दाब वाढला की तेवढ्याच फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. शिवाय ठिणगी पिवळट, लेचीपेची होती. ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या पॉइंटवर काळे डाग पडत होते, म्हणजे कंडेन्सर गेलेला. जुन्या स्कूटरचाच तो. नवा घातला, ठिणगी निळी झाली, चट् असा आवाज येऊ लागला. टायमिंगही बघितले. फ्लायव्हीलवर खूण करून ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या दहा-बारा अंश आधी पडेल असे पॉइंट बसवले. पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या एका फेऱ्याने चुकून तर बसला नाही ना, तेही तपासले, कारण तसे झाले तर ठिणगी एक्झॉस्टच्या शेवटी पडते आणि माणूस वेडा होतो.

पेट्रोलचा घोळ वेगळा. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, एक ग्रॅम इथेनॉलला ९ ग्रॅमच. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. माझा हात जुन्या पेट्रोलचा. कार्ब्युरेटरची पेट्रोल सोडणारी नीडल अर्धा आटा जास्त उघडल्यावर फटके वाढले. साधी रबरी नळी महिन्याभरात फुगून मऊ पडली, ती बदलली.

आतला व्हॉल्व्ह नुसत्या ओढीने उघडतो, त्याची स्प्रिंगही जड होती. आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. व्हॉल्व्ह ९ मिलिमीटरचा, त्यावर ओढीचा जोर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. माझी स्प्रिंग दोनशेला दबत होती. बॉलपेनची स्प्रिंग कापून, ताणून पन्नासवर आणली.

तरी इंजिन दोन-तीन फटके मारून बसे. राहिला दाब. फ्लायव्हील दाबाविरुद्ध ढकलून सोडले की ते उसळून मागे यायला हवे. आमचे मऊ पडे, जणू उशीत हात घातला. रिंगांतून गळते म्हणावे तर बोअरमध्ये तेल सोडूनही फरक नाही. मी हेडचे गॅस्केट दोनदा बदलले. माझे सगळे लक्ष गॅस्केटवर.

चूक पोराने शोधली. त्या दिवशी पाऊस होता, वीज गेलेली. तो टेबलावरच्या वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडून कार्ब्युरेटरच्या तोंडापाशी धरून बसला आणि मला म्हणाला, “आजोबा, हळू फिरवा.” ओढीला पट्टी आत गेली. ते बरोबर. मग पिस्टन वर चढू लागला आणि पट्टी थरथरत बाहेर आली. त्याने माझ्याकडे बघितले. मी पुन्हा फिरवले. पुन्हा बाहेर. दाबलेली हवा आतल्या व्हॉल्व्हमधूनच निसटत होती.

व्हॉल्व्ह काढला. व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर टेकतो त्या सीटला निळे मार्किंग लावून व्हॉल्व्ह टेकवून फिरवला. निळे सगळीकडे लागायला हवे होते, लागले फक्त एका बाजूला. चंद्रकोरीसारखे. व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते ते भोक आणि सीट, दोन्हींचे मध्य जुळत नव्हते. दोन थाऊंचा फरक, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दोन. मी सीट कापून काम चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढले होते आणि पुन्हा पकडून गाइडचे भोक रीमरने मापात केले होते. इतकी वर्षे काम केलेल्या माणसाने ही चूक केली, आणि ती ग्राइंडिंग पेस्टने घासून जाणार नव्हती. उलट घासून घासून मी सीट रुंद करून ठेवली होती.

त्या संध्याकाळी गनमेटलचा नवा केज, म्हणजे गाइड आणि सीट असलेला व्हॉल्व्हचा तुकडा, केला. या वेळी गाइडचे भोक आणि ४५ अंशाची सीट एकाच पकडीत, चक न सोडता. माझी लेथ झिजलेली आहे, चक थोडा हलतो, पण एकाच पकडीत केलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी खोटे बोलत नाहीत. लेथ पोराने चालवली. मी बाजूला उभा राहिलो. सीट अर्ध्या मिलिमीटरची, केसासारखी चमकणारी. पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवले. दहा मिनिटांनी खालचा कागद कोरडा होता.

फ्लायव्हील दुसऱ्यांदा ढकलले, तेव्हा ते चालू झाले. फट्. मग हुश्श, हुश्श, हुश्श. मग फट्. घरातली सगळी पडवीत आली. माझी बहीण ऐंशीची आहे, ती म्हणाली, “हा कुळागरातला आवाज.” पाऊण मिनिट चालले, टाकी रिकामी झाली म्हणून थांबले. बंद केल्यावर सिलिंडरात तेल सोडायला शिकलो ते दुसऱ्या दिवशी. पेट्रोल जळले की पाणीही तयार होते, आणि थोडाच वेळ चाललेल्या थंड इंजिनात ते आतच राहते. एका रात्रीत बोअरवर गंज धरला होता.

यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या वाड्यावरच्या चलचित्रांशेजारी, म्हणजे हलत्या देखाव्यांशेजारी, ते इंजिन ठेवले. आमच्या भागातल्या मुलांना फिरती चित्रे नवी नाहीत. मोटर, पट्टा, कॅम लावून देवाचा हात हलवणे इथली पोरे घरात करतात. पण इंजिन बघून ती उठेनात. पाचवी-सहावीतली एक मुलगी तीनदा परत आली आणि गव्हर्नरचा खटका कधी पकडतो ते बोटावर मोजत राहिली. शेवटी तिने विचारले, “हे करायला कुठे शिकवतात?” मला उत्तर देता आले नाही.

संपादक महाशय, पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपल्याकडे आयटीआय आहेत. जनतेच्या पैशाने घेतलेल्या चांगल्या लेथ, मिलिंग मशीन तिथे आहेत. आमची यंत्रे भंगारात गेली तेव्हा इलाज नव्हता. पण जी आहेत, ती तरी रविवारी ताडपत्रीखाली का? महिन्यातले दोन रविवार, सकाळी नऊ ते एक. शाळेतली मुले पालकांच्या सहीने, कॉलेजची मुले, घरी काही बनवणारे आमच्यासारखे लोक. सोबत एक शिक्षक आणि आमच्यातला एक निवृत्त माणूस. वसाहतींतले आणि बार्जवरचे निवृत्त फिटर-टर्नर गावोगाव घरी बसलेले आहेत. त्यांच्या हातातले काम कोणी मागायला आले तर ते नाही म्हणणार नाहीत. जबाबदारीचा प्रश्न खरा आहे. लेथवर सैल बाही जीव घेते, हे मी डोळ्यांनी बघितले आहे. म्हणून विमा, चष्मे, बंद बूट, एका मशीनवर एकच मूल, असे नियम आधी करावेत. तंत्रशिक्षण खात्याने एका तालुक्यात सहा महिने करून बघावे.

कोणत्याही संस्थेने दार उघडले तर पहिले वर्षभर दर वेळी मी येईन. मानधन नको. मायक्रोमीटर आणि टॅप-डाय माझे स्वतःचे आणीन. इंजिनही आणीन, आणि तो चुकलेला केजसुद्धा. तो मी टाकलेला नाही, निळी चंद्रकोर अजून त्यावर आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
बोरी, फोंडा