तुझ्या माळ्यावर एक डबा ठेवायचाय

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही, शिव्या घालून घे एकदाच्या. आईचा गुडघा ठीक, माझी शुगर आहे तिथेच आहे. आता मुद्द्याचं. घरी सांगायला गेलो तर "बरं, मग?" म्हणतील, म्हणून तुला लिहितोय.

आपल्या सीएसाहेबांच्या खालचं ते ट्रान्सपोर्टवाल्यांचं ऑफिस आठवतं ना? त्यांचा सर्व्हर गेल्या आठवड्यात रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, खाल्ला. बॅकअप होता रे त्यांचा! रोज रात्री इमानेइतबारे नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, पडत होता. पण ते नॅस सर्व्हरवरच झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेलं, तेही ॲडमिनच्याच पासवर्डनं, म्हणजे व्हायरसला तिथेही दार उघडंच. सगळ्या फाइलींना नवीन शेपूट फुटलेलं, बॅकअपच्या फोल्डरातसुद्धा. साहेब जिना उतरून बघून आले आणि एवढंच म्हणाले, "आपलं कसं आहे?"

आपलं निम्मं बरं आहे. जुन्या सर्व्हरवर फुकटचं ईएसएक्सआय (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) होतं तोवर हात बांधलेले होते. वीम या तुझ्या लाडक्या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती १० मशीनपर्यंत चालते, ती वाईट नाही, पण त्या ईएसएक्सआयच्या फुकट लायसन्समध्ये बॅकअपच्या सॉफ्टवेअरला आत येऊच देत नाहीत. मग २०२४ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआयची ती फुकट आवृत्तीच बंद झाली. २०२५ च्या एप्रिलात परत आली म्हणा, पण तोवर मी सगळं प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरवर हलवलं होतं. हो, तेच, ज्याला तू कॉलेजच्या पोरांचा खेळ म्हणाला होतास. आणि स्टँडसमोरच्या चहावर तू तासभर भांडला होतास की स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेतलाय, आणखी काय हवं? अरे, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर बसतो, डिस्क गेली की दोघंही गेले. बाळ्या साक्षीला आहे.

आता एका जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाकलाय. लायसन्सला रुपया नाही, खर्च काय तो डिस्कचा. पहिल्यांदा पूर्ण कॉपी, नंतर रोज फक्त बदललेले तुकडे, त्यामुळे टॅलीचं मशीन आटपेपर्यंत माझा चहासुद्धा संपत नाही. त्याचा पासवर्ड वेगळा, आणि सर्व्हरला तिथे फक्त नवीन टाकता येतं, जुनं पुसता येत नाही. आज दुपारी ऑफिस रिकामं होतं, म्हणून टॅलीचं आख्खं मशीन दुसऱ्या डब्यावर, म्हणजे कॉम्प्युटरवर, रिस्टोअर केलं. नेटवर्कची वायर काढून, नाहीतर दोन टॅल्या एकमेकींच्या उरावर. ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला! मी एकटाच टेबल बडवत होतो, वॉचमन वर येऊन बघून गेला.

पण संज्या, सर्व्हर आणि बॅकअप एकाच खोलीत आहेत. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते तू टीव्हीवर पाहिलंस, मी गच्चीवरून. आणि पुराचं सोड, चोर आला तर दोन्ही डबे उचलून नेईल, त्याला काय कळतंय कुठला बॅकअप.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यूएसबीच्या दोन डिस्क, आलटूनपालटून. काढून ठेवलेल्या डिस्कला कुठलाच व्हायरस शिवत नाही, त्यामुळे मला तो मनापासून आवडतो. पण शुक्रवारी डिस्क घरी न्यायचं काम शिपाईमामांकडे. ते ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आमटीशेजारी ठेवतात, आणि सोमवारी डिस्क मिरजेत, मामा सांगलीत. क्लाउडचं नाव काढलं की साहेब दरमहाच्या बिलाचा हिशोब मांडतात. शिवाय त्यांचे निम्मे क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड. कंपन्यांच्या हिशोबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर हवा, हा २०२२ चा नियम त्यांना तोंडपाठ.

म्हणून तू. न्यू जर्सीत असतास तर साहेबांनी ऐकूनही घेतलं नसतं, पण कोथरूड चालेल म्हणाले. तुझ्या माळ्यावर एक डबा ठेवतो. तो रात्री इथून कॉपी ओढून घेईल. ओढणारा तो असल्यामुळे इथे कुणी घुसलं तरी त्याच्या हाती तिथला पासवर्ड लागत नाही. डेटा इथूनच एन्क्रिप्ट होऊन निघेल, त्यामुळे कुणाचा किती नफा हे तुला वाचता येणार नाही, हळहळू नकोस. तो उघडायची किल्ली कागदावर छापून साहेबांच्या लॉकरमध्ये. पहिली कॉपी डिस्कवर घेऊन मीच येतो, लाइनवरून पाठवत बसलो तर पुढची दिवाळी येईल. विजेचं बिल साहेब देणार, तसं कबूल करून घेतलंय.

एकच धाकधूक आहे. लोकांचे हिशोब मित्राच्या घरी ठेवणं तुला जड तर वाटणार नाही ना? वाटलं तर सरळ नाही म्हण, मागे नान्याच्या लग्नात फुगून बसला होतास तसा बसू नकोस.

फ्लॅटची सोसायटी झाली का रजिस्टर? चिन्मयचं दहावीचं वर्ष ना? त्याला फार पिडू नकोस, तुझे गणिताचे मार्क मला माहीत आहेत.

डब्याचा पंखा थोडा घुरघुरतो, येण्याआधी बदलून घेतो. आधी वहिनींना विचार, मग मला कळव.

तुझा,
विन्या