घरात शिसं वितळवू नका
संपादक महोदय, स.न.वि.वि.
हल्ली पोरं अमेरिकेतले व्हिडिओ बघून घरी शिसं वितळवून पिस्तुलाच्या गोळ्या ओतायच्या गप्पा मारतात, तिकडं तो छंद असेल पण आपल्याकडं शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसनशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, विषय संपला. मला जास्त काळजी वाटते ती कृष्णाकाठी मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं चुलीवर ओतणाऱ्यांची. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि त्यात पाण्याचा थेंब गेला तर सगळा रस तोंडावर उडतो. वितळलेल्या शिशावरची राख झाडूनं लोटली की घरभर पसरते, मग रांगत्या पोराच्या हाताला, तिथनं पोटात, आणि मेंदूवर परिणाम होतो तो परत भरून येत नाही. (त्याच पातेल्यात नंतर भाजी करणारेही आहेत!) जुन्या बॅटरीचं शिसं तर अजिबात नको, त्यात ॲसिड असतं. सरकारी दवाखान्यात रक्तातलं शिसं तपासायची सोय करा.
– एक वाचक, सांगली